दीड किलोची गिटार: घेताना, वाजवताना आणि पावसाळ्यात सांभाळताना

हलकी गिटार बघायला जाताना सोबत सामान तोलायचा हुकवाला काटा घेऊन जा, तोच, विमानाच्या बॅगा मोजायला घेतलेला. दुकानदार हसेल, हसू दे. तारा चढवलेली गिटार कापडी बॅगेत घालून काट्याला लटकवायची आणि रिकाम्या बॅगेचं वजन वजा करायचं. नेहमीची मोठी, रुंद अंगाची गिटार, जिला ड्रेडनॉट म्हणतात, ती दोन-सव्वादोन किलो भरते. मी ज्या गिटारींबद्दल लिहितेय त्या पावणेदोन किलोच्या आत बसायला हव्यात. माझी दीडच्या किंचित वर आहे. आकार लहान, रंग जुना तपकिरी, कडेला काळपट छटा आणि काट्यावर मात्र दोन किलो, असं निघालं तर ती गिटार फक्त दिसायला जुनी आहे. फळ्या जाड, आतल्या काड्या जाड, वर पॉलिशचा जाड थर. फोटो छान येईल, बाकी काही नाही.

हा सगळा प्रकार आला कुठून, ते थोडक्यात सांगते, कारण पुढची निम्मी काळजी त्यातूनच निघते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावी गिब्सन या गिटार कंपनीचा कारखाना होता. १९३० च्या दशकात मंदी होती, लोकांकडे पैसे नव्हते. तेव्हा कंपनीने एल-००सारख्या लहान, साध्या गिटारी काढल्या आणि त्याहून स्वस्त गिटारी ‘कॅलमझू’ याच नावाने विकल्या. त्यांत नक्षी नाही, शोभेचं काही नाही. इतकंच काय, तारांच्या ताणाने मान वाकू नये म्हणून मानेत बसवायचा धातूचा दांडा, म्हणजे ट्रस रॉड, ज्याचं पेटंट गिब्सनच्याच माणसाने १९२३ मध्ये मिळवलं होतं, तोही या स्वस्त गिटारींत घातला नाही. काटकसर म्हणून केलेल्या या गिटारी आवाजाला मात्र भन्नाट निघाल्या. पातळ फळी, कमी वजन, बोट लागताच उत्तर. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या कॉलिंग्ज कंपनीने २०१४ च्या सुमारास ‘वॉटरलू’ नावाने तशाच गिटारी नव्याने करायला घेतल्या. त्यांच्या किमती आपल्याकडे लाखांत जातात, त्यामुळे त्यांच्याकडे मी लांबूनच बघते. पण त्याच घाटाच्या गिटारी आता चीनमधल्या कारखान्यांतून बऱ्याच कमी पैशांत येतात. माझी त्यांतलीच एक, सेकंडहँड घेतलेली. वरची फळी स्प्रूसची, पाठ आणि कडा महोगनीच्या. ब्रिज (तारा फळीवर जिथे अडकवतात तो तुकडा) आणि फिंगरबोर्ड (मानेवरची बोटं दाबायची पट्टी) भारतीय शिसवीचे. आपल्या सह्याद्रीत वाढतं तेच झाड. मार्टिन कंपनीने ब्राझीलची शिसवी मिळेनाशी झाली म्हणून १९६९ च्या सुमारास आपल्याकडच्या शिसवीकडे मोर्चा वळवला, तेव्हापासून जगभरच्या गिटारींवर ती असतेच.

तर मुद्दा असा की अशी गिटार तिच्या ताकदीच्या काठावर बांधलेली असते. आवाज येतो तो त्यामुळेच, आणि बिघडते तीही त्यामुळेच. तारा, हात, हवा या तिन्हींचा भार कमी ठेवलात तर ती वर्षानुवर्षं वाजेल.

मी डोंबिवलीला राहते, बँकेत नोकरी करते आणि आमच्या सोसायटीच्या गाण्याच्या मंडळींना साथ करते. पेटी, तबला, दोन-तीन गाणारे आणि मी. माझा उजवा खांदा ड्रेडनॉटच्या रुंद ढेरीवरून हात टाकू देत नाही. लहान गिटारीकडे वळायचं कारण इतकं साधं होतं. आवाजाच्या प्रेमात नंतर पडले.

दुकानात काय बघायचं

वजन झालं. आता एक स्टीलची पट्टी काढा. तीस सेंटिमीटरची, शाळेतली चालेल. ब्रिजच्या मागे, म्हणजे खालच्या बाजूला, ती आडवी ठेवली की मध्यभागी थोडा फुगवटा दिसेल आणि पट्टीची टोकं दोन्हीकडे फळीपासून थोडी वर राहतील. हलक्या गिटारीत हे व्हायचंच. सपाट फळी दिसली तर उलट मला शंका येते. मात्र साउंडहोल, म्हणजे फळीतलं गोल भोक, आणि ब्रिज यांच्यामध्ये फळी खड्डा पडल्यासारखी बसली असेल तर घेऊ नका. मग एक कागद घ्या आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. कागद आत शिरला तर ब्रिज उचलायला लागलाय.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मानेचा कोन. लांब सरळ पट्टी फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, उभी धरून ब्रिजपर्यंत न्या. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्यावर किंवा किंचित वर आलं पाहिजे. माथ्याच्या खाली जाऊन धडकलं तर मान पुढे झुकलीय. हे काम दुरुस्त होतं, पण मान काढून परत बसवावी लागते आणि त्याचा खर्च या किमतीच्या गिटारीला झेपत नाही. जोडीला सॅडल, म्हणजे ब्रिजमध्ये बसवलेली, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, ब्रिजच्या वर किती शिल्लक आहे तेही बघा. तीन मिलिमीटर असेल तर पुढे खाली घ्यायला जागा आहे.

मोबाइल साउंडहोलमधून आत घालून फ्लॅश लावून व्हिडिओ काढा. आतल्या काड्या कशा लावल्यात ते दिसेल. एक्सच्या आकारात असतील तर आवाज भरीव, लांबणारा. शिडीसारख्या आडव्या असतील तर सुका, थेट, चटकन विरणारा. जुन्या स्वस्त कॅलमझूमध्ये शिडीच असायची. दुकानातले लोक शिडीला नाक मुरडतात. मला विचाराल तर गाणाऱ्याच्या मागे वाजवायचं असेल तर शिडीही सुंदर, कारण कॉर्ड वाजते आणि गाणाऱ्याला वाट करून देते. शेवटी बोटाच्या पेराने वरची फळी, पाठ, कडा सगळीकडे ठोकून बघा. कुठेही खरखर किंवा टरटर आली तर एखादी काडी सुटलीय.

मान हातात घेतली की पहिल्यांदा विचित्र वाटेल. जुन्या घाटाच्या मानेला मागे व्हीसारखी धार असते आणि नटपाशी (डोक्याजवळची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) रुंदी ४४.५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नेहमीपेक्षा दीडेक मिलिमीटर जास्त. दोन मिनिटांत मत बनवू नका. धार अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात बसते, आणि अंगठा वरून आणून सहावी तार दाबता येते. मला बार कॉर्डपेक्षा, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा दाबण्यापेक्षा, हे सोपं पडतं. ज्यांना क्लासिकल पद्धतीने अंगठा मागे ठेवायची सवय आहे त्यांना मात्र ही मान टोचेल, त्यांनी गोल मानेची शोधावी.

तारा

या गिटारीची लांबी, म्हणजे नट ते सॅडल, बहुतेक २४.७५ इंच असते. मोठ्या गिटारीची साडेपंचवीसच्या जवळ. फरक पाऊण इंचाचा, पण तोच स्वर यायला ताण पाच-सहा टक्क्यांनी कमी लागतो. त्यामुळे तारा मऊ लागतात आणि मग लोक उत्साहाने जाड तारा चढवतात. तसं करू नका. तारांचे सेट सगळ्यात बारीक तारेच्या जाडीवरून (इंचाच्या हजाराव्या भागात) ओळखतात. १३चा मीडियम सेट या लांबीवरही ८० किलोच्या घरात ओढतो. १२–५३चा लाइट सेट साधारण ७० किलो, ११–५२चा ६५च्या आसपास. एवढं वजन त्या अडीच-तीन मिलिमीटरच्या फळीला चोवीस तास ओढत असतं. १३ कधीच नाही. १२ की ११, ते तुम्ही कोणत्या स्वरात लावणार त्यावर.

आणि इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते.

आपल्याकडे गाणारा कॉर्डमध्ये बोलत नाही, पट्टीत बोलतो. “काळी एक”, “काळी चार”, “पांढरी पाच”. गिटारवाला ई, ए, डी मध्ये अडकलेला असतो आणि मग कॅपो, म्हणजे मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, वर-खाली करत बसतो. यावर उपाय म्हणजे गिटारच्या सहाही तारा अर्धा स्वर खाली लावायच्या. ट्यूनरवर जाड तारेपासून बघत गेलात तर डी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प, ए शार्प, डी शार्प दिसेल. आता पेटीवर बघा. ही नुसती काळी बटणं आहेत: दोन, चार, एक, तीन, पाच, पुन्हा दोन. पाचही काळ्या तुमच्या मोकळ्या तारांवर येऊन बसल्या.

म्हणजे डीची कॉर्ड धरली की काळी एक, ईची धरली की काळी दोन, जीची धरली की काळी तीन, एची धरली की काळी चार. काळी पाचला एची कॉर्ड दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून. पांढऱ्या पट्ट्या हव्या असतील तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की गिटार नेहमीच्या स्वरात परत येते, मग सीची कॉर्ड पांढरी एक, जीची पांढरी पाच. पांढरी चार मागितली तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि ईची कॉर्ड. हे एका कागदावर लिहून केसच्या झाकणाला आतून चिकटवा, आठवड्याभरात कागद लागेनासा होईल.

गिटारच्या दृष्टीने याचा फायदा असा की अर्धा स्वर उतरवला की ताण जवळजवळ ११ टक्क्यांनी उतरतो. १२चा सेट ७० किलोवरून ६२-६३वर येतो. म्हणजे ११चा सेट चढवल्याइतकाच भार, पण तार जाड असल्यामुळे आवाजात वजन राहतं. म्हणून अर्धा स्वर खाली लावणार असाल तर १२, नेहमीच्या स्वरात ठेवणार असाल तर ११. ११चा सेट उतरवून लावलात तर तार इतकी सैल होते की जोरात दाबली की बेसूर होते.

काळी एकला गाणारे पुरुष पुष्कळ. त्यांच्यासाठी सहावी तार आणखी एक स्वर खाली, सी शार्पवर आणा. आता जाड बाजूच्या तीन मोकळ्या तारा सा, प, सा झाल्या. पेटी गाण्याची ओळ वाजवतेय, त्या वेळी तुम्ही पूर्ण कॉर्ड खाजवत बसू नका. या तीन तारा अंगठ्याने हळू फिरवत ठेवा, तानपुऱ्यासारखा आधार मिळतो. कॉर्डमधला गंधार टाळल्याने कोमल गंधार असलेल्या चालीशी भांडणही होत नाही. आमचे पेटीवाले आधी गिटार म्हटलं की तोंड वाकडं करायचे. हे सुरू केल्यापासून तेच म्हणतात, “तू आधी सा धर, मग मी येतो.”

फक्त एक लक्षात ठेवा: सगळ्या पेट्या ४४०च्या मापाला (ए स्वर ४४० हर्ट्झवर, ट्यूनरचं नेहमीचं माप) नसतात, जुन्या तर नसतातच. ट्यूनरवर विसंबून राहिलात तर कार्यक्रमभर काहीतरी कचकचत राहील. पेटीवाल्याला काळी एक धरून ठेवायला सांगा, तुमची मोकळी चौथी तार तिच्याशी कानाने जुळवा. मग ट्यूनरचं माप त्या तारेला जुळेपर्यंत ४४१, ४४२ असं सरकवा आणि बाकीच्या तारा त्यावर लावा.

तारा बदलताना ब्रिज पिनकडे, म्हणजे तार ब्रिजमध्ये अडकवणाऱ्या खिळीकडे, बघा. तारेच्या टोकाचा गोळा पिनच्या टोकाखाली अडकता कामा नये, तो आतल्या लाकडाला टेकून बसला पाहिजे. तार घालून पिन हलकी दाबायची, तार वर ओढून गोळा टेकला की मग पिन पक्की करायची. गोळा अर्धवट अडकून राहिला तर तो आतलं लाकूड खात जातो आणि पातळ गिटारीत ते लवकर होतं. घाम येणारे हात असतील तर कोटिंगवाल्या तारा घ्या. मुंबईच्या बाजूला साध्या तारा फार लवकर काळवंडतात.

हात

ड्रेडनॉटवर शिकलेला माणूस या गिटारीवर पहिल्या दिवशी निराश होतो. जोरात मारलं की आवाज वाढायच्या ऐवजी दबतो, चपटा होतो. पातळ फळी थोड्याशा ताकदीतच पूर्ण हलते, त्यापुढे द्यायला तिच्याकडे काही उरत नाही. म्हणून तिचं वरचं टोक कुठे आहे ते आधी शोधा. एक कॉर्ड अगदी हळू वाजवा, मग थोडी जोरात, मग आणखी जोरात. एका जागी आवाज मोठा व्हायचा थांबतो आणि फक्त कर्कश होतो. तुमचा रोजचा हात त्या जागेच्या निम्म्यावर असला पाहिजे. मग गाण्याच्या कडव्याला थोडा दाब वाढवला की फरक कळतो.

पिक वापरणार असाल तर पातळ, ०.६० ते ०.७३ मिलिमीटरची. मी बहुतेक वेळा बोटांनीच वाजवते, अंगठ्याच्या मांसल भागाने जाड तारा आणि किंचित वाढवलेल्या नखांनी बारीक. हात मान संपते तिथे आणला की आवाज गोल होतो, ब्रिजकडे नेला की टोकदार. मोठ्या गिटारीतही हे होतं, पण इथे दोन बोटांच्या अंतरात अख्खा आवाज बदलतो. गाणं सुरू असताना मानेजवळ, मधल्या संगीताला ब्रिजकडे, एवढं केलं तरी साथ जिवंत वाटते.

मला क्लासमध्ये कोणी सांगितलं नव्हतं ते आता सांगते. उजवा हात टेकता कुठे? बहुतेक जण कोपरापुढचा हात थेट वरच्या फळीवर टाकतात. जी फळी हलावी म्हणून एवढा खटाटोप केला तिलाच आपण दाबून धरतो. हात कडेवर टेकवा, फळीला लागू देऊ नका. करंगळी फळीवर रोवायची सवय असेल तर तीही सोडा. पाठीचंही तेच, गिटार पोटाशी घट्ट धरली की पाठ मुकी होते. बसताना गिटार किंचित तिरकी करा, वरची कड छातीला लागेल आणि पाठ मोकळी राहील. हे करून एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. माझ्या घरच्यांनी दुसऱ्या खोलीतून विचारलं होतं की नवीन तारा लावल्यास का.

माइक लावायचा झाला तर साउंडहोलसमोर नाही. तिथे नुसता घुमारा येतो. मान बॉडीला मिळते त्या फ्रेटकडे, वीतभर अंतरावर. पिकअप (गिटारचा आवाज तारेने स्पीकरपर्यंत नेणारा) हवाच असेल तर फळीला आतून चिकटवायचा छोटासा घ्या. कडेला भोक पाडून बॅटरी आणि बटणांचा डबा बसवणाऱ्यांना मी हात लावू देत नाही. दीड किलोची गिटार घेऊन तिच्यात डबा का भरायचा?

हवा

लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. सगळ्याच गिटारी हे करतात, पण पातळ आणि हलक्या गिटारी ते लवकर आणि जास्त करतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैमध्ये डोंबिवलीच्या घरात खिडक्या उघड्या असल्या की ८५ असते. त्यामुळे पहिली खरेदी आर्द्रता मोजणाऱ्या डिजिटल हायग्रोमीटरची. स्वस्तातला चालतो, पण तो खोटं बोलतो का ते तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, चार-पाच थेंब पाणी घालून ओलसर गोळा करा, मीठ विरघळता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. ओल्या मिठाभोवतीची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. सकाळी तुमचा यंत्र ८० दाखवत असेल तर तो पाच जास्त दाखवतो, पुढे प्रत्येक वेळी पाच वजा करा.

पावसाळ्यात गिटार भिंतीला लटकवू नका, कितीही छान दिसली तरी. कापडी बॅगेतही नाही, तिच्यातून हवा सरळ आत येते. कडक केस, झाकण नीट बसणारी. आत नारिंगी रंगाचं सिलिका जेल सुती पुरचुंडीत बांधून मानेखालच्या कप्प्यात. पुरचुंडी यासाठी की एक दाणा जरी साउंडहोलमधून आत गेला तरी तो काढताना तुमची संध्याकाळ जाते. नारिंगी दाणे पाणी पिऊन हिरवे झाले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा नारिंगी करायचे, पूर्ण गार झाल्यावरच परत केसमध्ये. निळे दाणेही मिळतात, पण त्यांच्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघरात आणू नका. आर्द्रता सांभाळणाऱ्या ४९ टक्क्यांच्या तयार पुड्याही येतात. त्या चांगल्या असतात, पण आपल्या पावसात त्या लवकर तुडुंब होतात. मी त्या ऑक्टोबरनंतर वापरते.

कपाटात ओल खेचायचे ते प्लास्टिकचे डबे असतात ना, ज्यांत खाली पाणी साठतं, ते केसमध्ये कधीही ठेवू नका. ते पाणी खारट असतं, सांडलं तर पॉलिश, तारा, फ्रेट सगळ्याची वाट. डांबरगोळ्याही नकोत. आणि कपाट बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर केस त्यात नको, पावसाळ्यात त्या भिंतीला ओल असतेच.

पुणे, नाशिक किंवा विदर्भातल्यांची कथा उलटी. मार्च ते मे हवा इतकी कोरडी होते की फिंगरबोर्ड आक्रसतो आणि फ्रेटची टोकं बाजूने बाहेर येतात. मानेच्या कडेवरून हात फिरवताना काहीतरी टोचलं की समजा गिटार तहानलीय. तारा फ्रेटवर झणझणायला लागतात, वरची फळी बसते आणि त्यापुढची पायरी म्हणजे तडा. झाकणाला भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंजाचा तुकडा ठेवून ती डबी केसमध्ये टाका, एक-दोन दिवसांनी बघा. नागपूरकडे पाण्याचा कूलर असतो, तो सुरू असताना खोलीतली हवा एकदम दमट आणि बंद केला की पुन्हा भाजकी. हे दिवसातून दोनदा होणं सगळ्यात वाईट. कूलरच्या खोलीत गिटार बाहेर ठेवू नका.

आता ॲक्शनबद्दल, म्हणजे तारा फ्रेटपासून किती उंच आहेत ते. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली १.६, हे माझं माप. जुलै संपता संपता माझ्या गिटारीची जाड तार तीनपर्यंत जाते आणि बोटं दुखायला लागतात. अशा वेळी लोक ट्रस रॉडची चावी फिरवतात. पण वाकलेली असते ती मान नाही, फुगलेली असते ती फळी. खात्री करायची असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, चौदाव्या फ्रेटवर जाड तार दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघा. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर असते. एक ते दोन कागद सरकले तर मान ठीक आहे, रॉडला हात लावायचं कारण नाही. तीन-चार सरकायला लागले तरच, आणि तेव्हाही एका वेळी चावीचा पाव फेरा.

फळीच्या फुगवट्यावर खरा उपाय म्हणजे दुसरा सॅडल. हाडाचा एक सॅडल नेहमीचा, आणि रिपेअरवाल्याकडून दुसरा एक करून घ्यायचा, थोडा बुटका. सॅडल एक मिलिमीटरने खाली आणला की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर खाली येते, त्या हिशोबाने माझा पावसाळी सॅडल साधारण १.२ मिलिमीटरने बुटका आहे. दोघांच्याही बुडाला पेन्सिलीने ‘पाऊस’ आणि ‘थंडी’ असं लिहून ठेवलंय. बदलताना तारा पूर्ण सैल करायच्या, सॅडल कापडात धरून पकडीने सरळ वर ओढायचा. घट्ट असला तर हिसका मारू नका, एका टोकाकडून हळूहळू. पाऊस सॅडल जुलैच्या मध्यावर चढतो. दिवाळीच्या सुमारास मोकळ्या तारा झणझणायला लागल्या की थंडीचा परत.

बारीकसारीक

स्ट्रॅप लावायचा तर पुढचं बटण मानेच्या टाचेला (मान जिथे अंगाला मिळते तिथे) बसवून घ्या, डोक्याला दोरी बांधून नको. या गिटारींचं अंग हलकं असल्यामुळे मान खाली जायला बघते. म्हणूनच जुन्या उघड्या खुंट्या काढून चकचकीत बंद खुंट्या बसवायच्या फंदात पडू नका. त्या जड असतात, डोकं आणखी खाली जाईल. खुंट्या घट्ट फिरत असतील तर गिअरला मशीन ऑइलचा एक थेंब पुरतो.

जुन्या पद्धतीचं पातळ नायट्रो पॉलिश असेल तर स्टँडच्या काळ्या रबराला सुती कापड गुंडाळा, नाहीतर रबराचे डाग कायमचे उमटतात. सॅनिटायझर लावलेले हात वाळेपर्यंत गिटार घेऊ नका. फिंगरबोर्डला खोबरेल तेल लावायचा सल्ला कोणीतरी काका देतीलच. ते खवट होतं आणि धूळ धरतं. कोरड्या कापडाने पुसा, वर्षातून एखाद-दोनदा फिंगरबोर्डसाठी मिळणारं तेल अगदी थोडं. बंद गाडीत दुपारी ठेवू नका, माळ्यावर तर नाहीच. डिंक सैल पडतो आणि ब्रिज उचलतो.

लोकलमध्ये गिटार पाठीला लावून चढू नका, पुढे छातीशी घ्या, मान वर. गर्दीच्या वेळी डोकं दाराच्या वरच्या कडेला लागतं, आणि जुन्या घाटाच्या गिटारी मोडतात त्या बहुधा डोक्यापाशीच.

तडा गेलाच तर सुपर ग्लू भरू नका. तो लाकडात शिरून बसला की नीट जोड देता येत नाही. तारा सैल करा आणि गिटार ५० टक्क्यांच्या आसपासच्या केसमध्ये आठवडाभर ठेवा. कोरडेपणाने आलेली बारीक फट बरेचदा बरीचशी मिटते, मग रिपेअरवाल्याचं काम सोपं आणि स्वस्त होतं. नेताना केसमधला हायग्रोमीटरचा आकडा लिहून न्या, तो पहिला प्रश्न तोच विचारेल.